बाराव्या खोलीतले निखारे

१

सणाच्या दिवशी पोलिसांनी धुरांडेवाल्याला फोन केला, म्हणजे कुणाचे तरी धुरांडे पेटलेले असते किंवा कुणीतरी गेलेले असते. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, सकाळी साडेदहाला, इन्स्पेक्टर क्रोनबर्गरचा फोन आला तेव्हा वेंडलिन किट्झलर चर्चमधून येऊन बूट काढत होता.

"मिस्त्री, रुपर्ट हासलहोफरच्या घरी या. शिडी नको. ते वायू मोजायचं यंत्र तेवढं आणा."

वेंडलिनने बूट पुन्हा पायात चढवले. खोऱ्यातली धुरांडी साफ करणे आणि बॉयलर तपासणे हे त्याचे काम, आणि रुपर्टच्या नव्या बॉयलरला मंजुरी देणारी सही त्याची होती.

रुपर्टला तळघराच्या बोळातल्या बाकावर निजवले होते. अठ्ठावन्न वर्षांचा, लाकडाच्या वखारीचा मालक, आवाज असा की करवत चालू असतानाही ऐकू यावा. आता तो गप्प होता आणि गाल बर्फात खेळून आलेल्या पोरासारखे गुलाबी होते. मेलेल्या माणसाचे गाल गुलाबी दिसले की धुरांडेवाल्याला डॉक्टरला विचारावे लागत नाही: कार्बन मोनॉक्साइड, आगीतून निघणारा बिनवासाचा विषारी वायू.

"कुठे सापडला?"

"त्या खोलीत," क्रोनबर्गर म्हणाला. "दार बंद होतं, हातात दंताळं. सकाळी बॉयलर बंद पडला म्हणून ढीग मोकळा करायला आत गेला असावा. आठच्या सुमारास. दहाला बहीण चर्चमधून आली आणि तिला दिसला."

ती खोली म्हणजे पूर्वीचे बटाट्यांचे कोठार. दोन वर्षांपूर्वी रुपर्टच्या डोक्यात खूळ शिरले होते. वखारीतला भुसा दाबून पेन्सिलीच्या जाडीच्या गोळ्या करायच्या आणि त्या गोळ्यांवर घरे गरम करायची. तेलाचा वास नाही, लाकडे फोडणे नाही. खोली एकदा भरली की मळसूत्र आपोआप एकेक मूठ बॉयलरला भरवत राहते. खोऱ्यातले पहिले घर त्याचे स्वतःचे. मागोमाग आणखी सहा झाली. येत्या शनिवारी तो सगळ्या खोऱ्याला आपले तळघर दाखवणार होता. भागीदार गेरवाल्टने त्यासाठी घरोघर बरण्या वाटल्या होत्या, मुरांब्याच्या, रबरी कडीच्या, ताज्या गोळ्यांनी भरलेल्या. 'उघडा आणि वास घ्या, जंगल घरात!' वेंडलिनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतही एक होती. नाताळाआधीपासून तशीच, न उघडलेली.

वेंडलिनने आधी धुरांडे तपासले. स्वच्छ. बॉयलरची नळी तपासली, सांधे तपासले, आरसा धरून आत पाहिले. कुठे केसाएवढी फट नाही. त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्याची त्याला लाज वाटली. मित्र बाकावर पडलेला आणि आपण आपली सही वाचली म्हणून सुस्कारा सोडतोय.

"इकडे या," क्रोनबर्गरने बाहेरून हाक मारली. तो घराच्या मागच्या भिंतीशी बर्फात उभा होता. "हे पाहा. कोठाराचा झरोका कुणीतरी गच्च बंद केलाय. फोमचा बोळा, वर गिलावा. आणि खाली हे बुटांचे ठसे. आज पहाटे बर्फ पडला, म्हणजे ठसे त्यानंतरचे. कुणी केलं असेल हे?"

वेंडलिन ठशांकडे पाहत राहिला.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

ठसे कुणाचे ते त्याला खरेच माहीत नव्हते. बोळा मात्र त्याने स्वतःच्या हाताने कोंबला होता.

२

नोव्हेंबरातली गोष्ट. रुपर्ट वैतागून म्हणाला होता, "अरे वेंडलिन, बोळात बघ, पिवळा भुगा! बुर्गीच्या वाळत घातलेल्या चादरी हळदीत बुडवल्यासारख्या झाल्यात. असलं घर दाखवू लोकांना?" शिवाय गोळ्यांना ओल सोसत नाही. दमट हवा लागली की पुन्हा भुसा होऊन बसतात. वेंडलिनने तीस वर्षे लोकांना हवा खेळती ठेवायला सांगितले होते, कारण जिथे आग तिथे हवा हवी. पण कोठारात कसली आग? ते तर थंड लाकूड. "बंद करून टाकू," तो म्हणाला होता. दाराला रबरी पट्टी लावली, झरोक्यात बोळा कोंबला, गिलावाही त्यानेच केला. मग दोघांनी नाशपातीची दारू घेतली. नंतर बाकीच्या सहा घरांतही त्याने तेच केले. त्यातली एक बाई तर म्हणाली होती, मिस्त्री, तुमच्या हाताला जादू आहे, धुळीचा कण नाही.

आणि या जानेवारीच्या पहिल्या तारखेला, धुरांडेवाल्याचे बटण चोळले की वर्ष चांगले जाते या रिवाजाप्रमाणे, रुपर्टने वेंडलिनच्या काळ्या कोटाचे पितळी बटण चोळून नशीब मागून घेतले होते. "सहा घरांची सोळा होऊ देत रे," म्हणाला होता.

वेंडलिन क्रोनबर्गरबरोबर स्वयंपाकघरात शिरला तेव्हा हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर होते. बुर्गी टेबलाशी बसली होती. रुपर्टची थोरली बहीण, त्रेसष्टची, लग्न न केलेली. आई गेल्यापासून घर तिनेच सांभाळले होते. सणाचा गोड पाव तसाच कापायचा राहिला होता.

"बुर्गीबाई, काल संध्याकाळी काय काय झालं?" क्रोनबर्गरने विचारले.

"काय होणार? शेवटची धुरी होती. नाताळपासून आजपर्यंतच्या रात्रींत घर धुपवायचं असतं, तुला का सांगायला हवं? तुझी आजी काय करायची मग?"

"धुपाटणं घेऊन फिरायची," तो ओशाळून म्हणाला.

"तेच. मी धुपाटणं घेऊन पुढे, रुपर्ट मंतरलेलं पाणी शिंपडत मागे. स्वयंपाकघर, माजघर, गोठा, पोटमाळा. अकरा खोल्या झाल्या." तिचा आवाज घसरला. "बारावी राहिली."

"कुठली?"

तिने वेंडलिनकडे पाहिले, जणू तो तिला वाचवू शकला असता. "गोळ्यांची. त्याने मला आत जाऊच दिलं नाही. म्हणाला, वेड लागलंय का, निखारे घेऊन तिथे? शनिवारी लोक येणार आहेत. पण एक खोली सोडली की त्या वर्षी घरातलं कुणीतरी जातं. आई सांगायची. मग तो फोनवर बोलत होता तेव्हा मी गुपचूप खाली गेले. दार उघडलं, धुपाटणं आतल्या दगडी कठड्यावर ठेवलं, दाराआड. तुम्ही नीट बघा, असेल तिथेच."

क्रोनबर्गर धावतच खाली गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या हातात लांब दांड्याचे लोखंडी धुपाटणे होते.

"परत का आणलं नाहीत?"

"आणणार होते! पण तो खाली येऊन बॉयलर पुसत बसला. बारा वाजेपर्यंत पुसत होता. मी त्याच्यासमोरून कशी नेऊ? मग झोप लागली. सकाळी चर्चला निघाले आणि डोक्यातून गेलंच." तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "चुलीचे निखारे असते तर इतके राहिले नसते. पण आता घरात चूलच नाही. त्या यंत्रातून नुसती राख निघते. मग उन्हाळ्यात अंगणात मांस भाजायला आणलेले कोळसे होते, ते पेटवले. मी मारलं त्याला. मीच."

क्रोनबर्गरने टोपी काढली. बंद खोली, कोळसे, रात्रभर. त्याला आणखी विचारायचे उरलेच नव्हते.

वेंडलिन उभा राहून तिच्याकडे बघत होता. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की चला, म्हणजे कोळसे होते, माझा बोळा नव्हे. या विचाराची लाज त्याला आयुष्यभर पुरणार होती.

३

गेरवाल्ट दुपारी आला. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलण्यात पटाईत. त्याने बुर्गीला मिठी मारली, "मावशी, तुझी काय चूक गं, जुन्या चालीरीती," असे म्हणाला आणि मग वेंडलिनला बोळात गाठले.

"मिस्त्री, वाईट झालं. पण एक बरं की कारण कळलं. नाहीतर लोक म्हणाले असते बॉयलर फुटला, गोळ्या घातक. शनिवारचं पुढे ढकलू. पण धंदा वाचला."

"माणूस गेला रे तुझा."

"माहीताय मला!" गेरवाल्टचे डोळे भरून आले. "मला वाटत नाही का? पण रुपर्टला काय आवडलं असतं? हे बंद पडलेलं?"

ते खोटे नव्हते. गेरवाल्टने कपाळ दाबले.

"डोकं दुखतंय?"

"नेहमीचं. वखारीत गोळ्यांची बंद खोली झाडली की दुखतं. रुपर्टचंही दुखायचं. आम्ही म्हणायचो, आदल्या रात्रीची दारू."

बुटांच्या ठशांचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. ते तेलवाल्या झिगमुंड ट्राक्सलरचे निघाले. चाळीस वर्षे खोऱ्यातल्या घरांना तेल पुरवणारा हा माणूस खानावळीत चारचौघांसमोर रुपर्टला म्हणाला होता, "भुसा कोंबड्यांखाली पसरतात रे, माणसांखाली नाही. गुदमरून मरशील एक दिवस त्यात!" आता ते वाक्य सगळ्या गावाला आठवत होते. क्रोनबर्गरने वेंडलिनला सोबत घेऊन त्याला गाठले.

"झरोका तुम्ही बुजवलात?"

"मी?" ट्राक्सलर लालबुंद झाला. "मी नऊ वाजता गेलो होतो, कबूल. घंटी वाजवली, कुणी आलं नाही. मागे जाऊन झरोक्यातून डोकावायला बघितलं, तर तो बुजवलेला. गिलावा सुकून कडक झालेला. एवढंच. परत आलो."

"सणाच्या सकाळी वैऱ्याच्या घरी कशाला?"

तो बराच वेळ खुर्चीच्या हाताशी चाळा करत राहिला. "विचारायला," तो शेवटी म्हणाला. "माझी टँकरगाडी आहे. आत धुऊन घेतली तर तिच्यातून गोळ्या पोचवता येतील का, म्हणून. तेलाचं काही खरं नाही आता. चारचौघांत कसं विचारणार? हसला असता तो माझ्यावर." मग त्याचा आवाज बसला. "नऊला तो आतच होता ना? मी दार फोडलं असतं तर?"

"आठला गेला असेल तर नऊला उशीर झालेला होता," क्रोनबर्गर म्हणाला.

"तुला काय माहीत?" ट्राक्सलर ओरडला.

बाहेर आल्यावर क्रोनबर्गरने खिशात हात घातला आणि सिगारेट शोधत म्हणाला, "झरोका कुणी बुजवला ते आता बिनमहत्त्वाचं. कोळशांनी काम केलं. सोमवारी बुर्गीबाईंचा जबाब सरकारी वकिलाकडे जाईल. निष्काळजीपणाने मृत्यू. तुरुंगात नाही घालणार हो, म्हातारीला. पण निकाल लागेल. तिच्या नावावर राहील ते."

"राहील," वेंडलिन म्हणाला.

४

त्या संध्याकाळी वेंडलिनच्या बायकोने, ख्रिस्टलने, जेवण वाढले आणि म्हणाली, "बुर्गीकडे जाऊन आले. काही खात नाही ती. धुपाटणं परत मागत होती पोलिसांकडे. म्हणे, ते माझ्याबरोबर पुरा."

वेंडलिनने चमचा खाली ठेवला.

"आणि एक विचित्र बोलली. म्हणाली, उंदरांनीसुद्धा सांगितलं होतं मला, मी ऐकलं नाही. नाताळाच्या चार दिवस आधी गोळ्यांच्या खोलीत दारापाशी तीन उंदीर मरून पडले होते. सापळा नाही, विष नाही. तिला वाटलं, अपशकुन. म्हणून तर धुरीचा हट्ट."

"चार दिवस आधी?"

"हो. का रे?"

तो उठला. धुरांडेवाल्याच्या डोक्यात एक गोष्ट तीस वर्षे ठोकून बसवलेली असते: हा वायू आगीतून येतो. आग नाही तर वायू नाही. पण उंदीर मेले तेव्हा त्या खोलीत निखारे नव्हते. निखारे आले त्यानंतर पंधरवड्याने.

त्याची नजर खिडकीतल्या बरणीवर पडली. शेजारी चुलीची ऊब, रबरी कडी घट्ट. तीन आठवडे बंद. त्याने बरणी टेबलावर आणली आणि कडी ओढली. ती सहज सुटेना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखी चिकटली होती. सुटली तेव्हा जंगलाचा वास आला नाही. जुन्या तेलरंगाच्या डब्यासारखा कुबट, खवट वास आला.

"शी!" ख्रिस्टल म्हणाली. "हा कसला वास?"

वेंडलिनने काडी पेटवली आणि बरणीच्या तोंडातून आत सोडली. ज्योत काठाच्या खाली गेली आणि विझली. फुंकर नाही, वारा नाही. दुसरी काडी, तशीच. तिसरी त्याने सावकाश उतरवली. तीही विझली.

ख्रिस्टलने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. "वेंडलिन, काय झालं?"

"थंड लाकूड," तो म्हणाला. "थंड लाकूड हवा खातंय."

दुसऱ्या दिवशी तो पोलीस ठाण्यात जाऊन धुपाटणे पाहून आला. पुराव्याच्या पिशवीत ते होते तसेच होते. बुर्गी प्रत्येक खोलीआधी निखाऱ्यांवर राळेचे नवे खडे टाकत असे, तिच्या आईसारखी. वरचे खडे जेमतेम मऊ झाले होते. कोळसे काळे, अख्खे, त्यांच्यावर राखेची पातळ साय. रात्रभर जळलेल्या कोळशांची मूठभर पांढरी राख उरते. हे जळलेच नव्हते.

वेंडलिनने पिशवी खाली ठेवली. आता त्याला सगळे कळले होते. ते कळल्याचे इतर कुणालाही माहीत नव्हते, आणि तो गप्प बसला तर कधीच कळणार नव्हते. ठाण्याच्या पायऱ्यांवर तो इतका वेळ उभा राहिला की आतल्या शिपायाने विचारले, "मिस्त्री, काही विसरलात का?"

५

शनिवार उजाडला. खोऱ्यातले लोक ज्या दिवशी तळघर पाहायला येणार होते, त्या दिवशी तिथे पाचच माणसे उभी होती. क्रोनबर्गर, गेरवाल्ट, ट्राक्सलर, बुर्गी आणि यंत्र घेतलेला वेंडलिन. बुर्गीला कशाला, असे क्रोनबर्गर म्हणाला होता. वेंडलिनने तिच्याशिवाय तोंड उघडायला नकार दिला.

कोठाराच्या दारावर पोलिसांची कागदी मोहोर शाबूत होती.

"बुधवारी तू ही खोली दोन तास उघडी ठेवून बंद केलीस," वेंडलिन क्रोनबर्गरला म्हणाला. "धुपाटणं बाहेर. बॉयलर थंड, तेव्हापासून पेटवलेला नाही. बरोबर?"

"बरोबर."

आधी त्याने यंत्र बॉयलरच्या खोलीत धरले. शून्य. मग दाराच्या कुलपाच्या भोकातून नळी आत सारली. आकडा हलला. शंभर. चारशे. नऊशे. सोळाशेवर तो थांबला.

"हजारावर माणसाचे पाय जातात," वेंडलिन म्हणाला. "हे तीन दिवसांचं साचलेलं आहे. रुपर्ट आत गेला तेव्हा तीन आठवड्यांचं होतं."

"पण कुठून?" गेरवाल्ट पुटपुटला. "आत काहीच पेटत नाही."

"गोळ्यांतूनच. ताज्या पाइनच्या लाकडात तेल असतं. भुसा दाबून गरम झाला की ते मोकळं होतं आणि हवेशी लागून खवट होत जातं, लोण्यासारखं. त्यात हवा खर्ची पडते आणि हा वायू निघतो. धूर नाही, आग नाही, म्हणून आपल्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. सतरा डिसेंबरला खोली नव्या मालाने भरली. एकवीसला उंदीर मेले. तुझं डोकं दारूने दुखत नव्हतं, गेरवाल्ट."

गेरवाल्ट भिंतीला टेकला.

"आणि कोळसे?" क्रोनबर्गरने विचारले.

"कोळसे अकरा खोल्या फुलून होते. बाराव्या खोलीत गेले आणि विझले. राळसुद्धा वितळली नाही. त्यांना जळायला हवा नव्हती. कोळशांनी रुपर्टला मारलं नाही. कोळसे त्याच्या आधी मेले." तो बुर्गीकडे वळला. "बुर्गी, तू दार उघडून वाकलीस तेव्हा काय झालं होतं?"

"गरगरलं," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, भावाला फसवते आहे म्हणून."

"तुझं धुपाटणं तुला सांगत होतं. आपण कुणीच ऐकलं नाही."

बुर्गीचा हात तोंडाकडे गेला. ती रडली नाही. तीन दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलावा आणि तो गेला यावर विश्वासच बसू नये, तशी ती उभी होती. वेंडलिनला त्या क्षणी थांबावेसे वाटले. इथे थांबले असते तर सगळ्यांनी त्याचा हात हातात घेतला असता.

क्रोनबर्गरने वही मिटली आणि मग पुन्हा उघडली. तो हुशार माणूस होता. "पण मिस्त्री, बाकी लोकांकडेही गोळ्या आहेत. वखारीत आहेत. तिथे कुणी मेलं नाही. वायू साचला तो खोली हवाबंद होती म्हणून. म्हणजे आता झरोका महत्त्वाचा झाला. तो कुणी बुजवला?"

ट्राक्सलर घाईने म्हणाला, "मी नाही!"

"तू नाहीस," वेंडलिन म्हणाला. "मी."

त्याने यंत्र खाली ठेवले. "नोव्हेंबरात. दाराची पट्टीही मीच लावली. रुपर्टने धुळीची तक्रार केली आणि मी म्हणालो, बंद करून टाकू. बुधवारी तू मला विचारलंस तेव्हा मी सांगता येत नाही म्हणालो. सांगता येत होतं. बुर्गीने सगळं स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. तीन दिवस. बाकीच्या सहा घरांतही हेच केलंय मी. गेरवाल्ट, आत्ता वर जा आणि सहाही ठिकाणी फोन कर. कोठारात कुणी पाऊल टाकू नका म्हणावं, दारं सताड उघडी टाका."

गेरवाल्ट जिन्यावरून धडपडत वर पळाला. क्रोनबर्गरने पेन हातात धरले होते, पण लिहीत नव्हता.

"तुम्हाला माहीत नव्हतं, मिस्त्री," तो शेवटी म्हणाला. "कुणालाच नव्हतं."

"उंदरांना होतं," वेंडलिन म्हणाला. "आणि मी विचारलं नाही. घरातली हवा बघणं हेच माझं काम आहे. लिही."

६

दुपारपर्यंत तो, गेरवाल्ट आणि ट्राक्सलर सहा घरे फिरले. ट्राक्सलर कुणी न सांगता छिन्नी घेऊन आला होता आणि गिलावा फोडत होता. वेंडलिन चाकूने रबरी पट्ट्या कापून काढत होता. एका घरी, धुळीचा कण नाही म्हणून खूश झालेली ती बाई रिवाजाने त्याचे बटण चोळायला पुढे आली. त्याने कोट बाजूला ओढून घेतला. तिला राग आला असावा.

शेवटी ते रुपर्टच्या घरी परत आले. झरोका ट्राक्सलरने फोडला. वेंडलिनने कोठाराचे दार बिजागऱ्यांसकट उचलून अंगणात नेऊन टेकवले. थंड वारा तळघरातून सरळ वाहू लागला आणि तो खवट वास पातळ होत गेला. बाकीचे गेले. तो तिथेच उभा राहिला, कारण घरी जाऊन काय करायचे ते त्याला कळत नव्हते.

जिन्यावर पावले वाजली. बुर्गी होती. क्रोनबर्गरने परत दिलेले धुपाटणे तिच्या हातात होते, रिकामे, घासलेले.

"पहिल्या तारखेला तुझं बटण चोळायला रुपर्टला मीच पाठवलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, जा, नशीब घेऊन ये."

वेंडलिनने कोटाचे बटण मुठीत झाकले.

"तीन दिवस मला वाटत होतं की मी त्याला मारलं. तू माझ्या स्वयंपाकघरात उभा होतास, वेंडलिन. माझ्याकडे बघत होतास."

"हो."

"मी माफ करणार नाही तुला. आज तरी नाही. मला खोटं बोलता येत नाही."

"करू नकोस."

ती थोडा वेळ उघड्या कोठाराकडे, सोनेरी ढिगाकडे पाहत राहिली. मग धुपाटण्याचा दांडा तिने त्याच्या हातात दिला.

"तुझ्या घरी अजून चूल आहे. जा, निखारे घेऊन ये."

"कशाला?"

"बारावी खोली राहिलीय," बुर्गी म्हणाली. "आणि तो मागे पाणी शिंपडायला नाही. ते मी करीन. पुढे तू चाल."

तो गेला. गावातून काळ्या कोटात, हातात रिकामे धुपाटणे घेऊन जाणाऱ्या धुरांडेवाल्याकडे लोक खिडक्यांतून पाहत होते. ख्रिस्टलने काही न विचारता चुलीतले लाल निखारे भरून दिले. परत येताना तो त्यांच्यावर हात आडवा धरून चालला, वाऱ्याने राख उडू नये म्हणून.

तळघराच्या बोळात बुर्गी पाण्याचे भांडे घेऊन थांबली होती. तिने राळेचे तीन खडे निखाऱ्यांवर टाकले. वेंडलिन दाराच्या जागी आला. दार नव्हते. त्याचे पाय उंबऱ्यावर अडले.

"चल," ती मागून म्हणाली.

तो आत गेला. गोळ्या पायांखाली करकरल्या. त्याने धुपाटणे दगडी कठड्यावर ठेवले, जिथे ते त्या संध्याकाळी होते, आणि वाट पाहिली. राळ वितळली, धूर वर चढला आणि फोडलेल्या झरोक्यातून बाहेर जाऊ लागला. बुर्गीने पाणी शिंपडले. काही थेंब त्याच्या मानेवर पडले. ती भावाचे नाव घेऊन काहीतरी पुटपुटत होती.

बराच वेळ दोघे तिथे उभे होते. निखारे लाल होते. ते लालच राहिले, आणि वेंडलिनला त्यांच्याकडे बघवेना.